पाइपलाइनला पर्यावरण मंजुरी लागत नाही म्हणतात, मग आमच्या विहिरीचं काय?

सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी 18 इंची पाइपलाइन त्यांच्या गटातून जाणार आहे. वापर हक्क संपादनाची नोटीस आली आहे. चार एकर द्राक्ष, तीन एकर कांदा, एक विहीर, खालच्या अंगाला ओढा. सर्व्हेअरने सांगितलं की या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होणार नाही. ते विचारतात: हे खरं आहे का? तेल झिरपलं तर विहीर कायमची जाईल का? आणि आत्ता आम्ही काय करू शकतो?

दादा, आधी माझी बाजू सांगतो. मी 22 वर्षं पाइपलाइनच्या पर्यावरण अभ्यासात आणि कामावरच्या देखरेखीत आहे. त्यातली बरीचशी वर्षं कंपन्यांसाठी अहवाल लिहिण्यात गेली. त्यामुळे पुढे जे सांगतो ते या कागदांच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

सर्व्हेअरचं म्हणणं बहुधा बरोबर आहे. पण त्यावरून तुम्ही जो अर्थ काढलात, की आता कोणी काही तपासणारच नाही, तो बरोबर नाही. तुमचा खरा प्रश्न मंजुरीच्या पत्राचा नाहीच. तुमच्या रानात एक पट्टा उकरला जाणार आहे. तिथली माती कशी काढायची, पाणी कुठे वळवायचं, पावसाळ्याआधी काय पूर्ण करायचं, हे कोण आणि केव्हा ठरवणार, हा खरा प्रश्न आहे. मंजुरी असलेल्या कामांत शेताची वाट लागलेली मी पाहिली आहे आणि मंजुरीची गरज नसलेल्या कामांत रान दोन हंगामांत पूर्ववत झालेलंही पाहिलं आहे.

कायद्याचं आधी उरकतो. केंद्राची 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे. तिच्या यादीत 6(ए) या क्रमांकावर तेल आणि वायूच्या पाइपलाइन येतात, पण कोणत्या? राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जाणाऱ्या. तशी असेल तर प्रकल्प सरळ ‘अ’ वर्गात जातो, म्हणजे केंद्रीय तज्ज्ञ समितीपुढे. केवळ शेतजमिनीतून जाणारी पाइपलाइन या यादीत बसत नाही. म्हणून सर्व्हेअरचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: रेषा नेमकी कुठून जाते.

तुमच्या भागात ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेजारच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवाच्या संगमावर नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा जानेवारी 2020 मध्ये झाली. मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या वाटेवर तानसा अभयारण्य आहे. रेषा आखणारे अशा ठिकाणांना वळसा घालतात, आणि ते चांगलंच आहे. पण वळसा किती अंतराने घातला, अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या सीमेत रेषा येते का, हे नकाशावर मोजून दाखवायला सांगा. तोंडी उत्तर घेऊ नका. दुसरी गोष्ट, टोकाला तेल साठवण्याचं आगार असेल तर साठ्याच्या प्रमाणानुसार ते याच यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाखाली येऊ शकतं. पाइपलाइनला मंजुरी लागत नाही म्हणजे प्रकल्पाच्या कुठल्याच भागाला लागत नाही, असं होत नाही.

शिवाय वाटेत वनजमीन असेल तर वनविभागाची मान्यता, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळाची, किनाऱ्याजवळ सीआरझेडची (किनारपट्टी नियमनाची), नदी आणि कालवा ओलांडायला जलसंपदा विभागाची, तेलाच्या सुरक्षिततेसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी केंद्राची संस्था), असे कागद लागतातच. आणि मंजुरी बंधनकारक नसतानाही मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा आघात मूल्यांकन आणि व्यवस्थापन आराखडा करून घेतात, कारण कर्ज देणाऱ्या बँका तो मागतात किंवा त्यांच्याच धोरणात तो असतो. मी लिहिलेल्या अहवालांपैकी बरेच याच प्रकारचे होते. ते कंपनीच्या कपाटात राहतात, गावाला कधी दिसत नाहीत. सरकारी तेल कंपनी असेल तर माहिती अधिकाराखाली हा अहवाल मागता येतो. तो मागा, आणि त्यातलं व्यवस्थापन आराखड्याचं प्रकरण आधी वाचा. बाकीचा बराचसा भाग जिल्ह्याची लोकसंख्या आणि पाऊसमानाने भरलेला असतो.

असा अभ्यास नेमका कशासाठी करतात हे समजायला अलास्काचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथली 1,288 किलोमीटरची तेलवाहिनी 1977 साली सुरू झाली. मूळ बेत जवळजवळ सगळी नळी जमिनीत पुरण्याचा होता. पण तिथली जमीन बारमाही गोठलेली, आणि नळीतलं तेल गरम. गरम नळी पुरली तर भोवतालची जमीन वितळेल, खचेल आणि नळी मोडेल, हे अमेरिकेच्या भूवैज्ञानिकांनी आकडेमोड करून दाखवलं. त्यामुळे जवळजवळ अर्धी लांबी, सुमारे 675 किलोमीटर, खांबांवर उचलून न्यावी लागली. डेनाली नावाचा भूभ्रंश, म्हणजे जमीन जिथे सरकते ती खोल भेग, ओलांडताना तर नळी आडव्या तुळयांवर सरकू शकेल अशी ठेवली. 3 नोव्हेंबर 2002 रोजी त्याच भूभ्रंशावर 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन सरकली, नळीही सरकली, पण तेल सांडलं नाही. परीक्षण म्हणजे हे. आराखडा बदलला, तरच त्याला अर्थ. अहवालाची पानं किती होती याला नाही.

आपल्याकडे आराखडा बदलायची संधी केव्हा असते? तुमच्या बाबतीत ती आत्ता आहे. पाइपलाइनसाठी जमीन विकत घेत नाहीत. 1962 च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याखाली जमिनीखालून नळी नेण्याचा वापर हक्क घेतात. मालकी आणि सातबारा तुमचाच राहतो. कलम 3(1) ची अधिसूचना लोकांना उपलब्ध झाल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. बहुतेक शेतकरी हे दिवस भरपाईच्या दराची चर्चा करण्यात घालवतात. दराचं भांडण नंतरही करता येतं, त्यासाठी जिल्हा न्यायालयापर्यंत वाट आहे. रेषा मात्र एकदा कायम झाली की कोणी हलवत नाही. म्हणून हरकतीत दर लिहू नका, जागा लिहा: विहीर रेषेपासून किती फुटांवर, ओढा कुठे, घर आणि गोठा कुठे, ठिबकची मुख्य लाइन कुठून जाते. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि फोटो जोडा. रेषा 30-40 फूट सरकवायला अभियंता सहसा नाही म्हणत नाही, कारण कागदावर तो फक्त एक वळण देतो. बागेच्या मधून जाणारी रेषा बांधाच्या कडेने नेली, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पण ते 21 दिवसांच्या आत मागितलं म्हणून झालं.

याच कायद्यातल्या दोन तरतुदी माहीत असू द्या. अधिसूचनेच्या आधीपासून राहती जागा, पक्कं बांधकाम किंवा घराला लागून असलेली जागा असेल तर तिच्याखालून नळी नेता येत नाही, आणि कुठेही ती 1 मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. शेतजमिनीत प्रत्यक्षात साधारण 1.2 मीटर आवरण ठेवतात. दुसरी तरतूद तुमच्यावर बंधन घालणारी आहे. त्या पट्ट्यात, जो बहुतेक ठिकाणी 18 मीटर रुंद असतो, तुम्हाला पुढे घर बांधता येणार नाही, विहीर किंवा शेततळं खोदता येणार नाही, झाड लावता येणार नाही. हंगामी पीक घेता येतं. कांद्याला अडचण नाही. डाळिंब-आंब्याला आहे. द्राक्षाच्या मंडपाला अँगल रोवावे लागतात, त्यामुळे तिथे वाद होतो. हे आधीच लेखी विचारून ठेवा. नुकसानभरपाई वेगळी, आणि त्याशिवाय वापर हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, असं कायदा सांगतो. बागेचं नुकसान मोजताना फक्त तोडलेल्या वेली धरू नका. नवी बाग फळाला यायला लागणारी वर्षंही धरायला लावा.

आता मातीकडे येतो, कारण पाइपलाइनचं शेतावरचं सर्वात मोठं नुकसान तेलाने होत नाही, मातीने होतं, आणि ते प्रत्येक शेतात होतं. तुमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. चर साधारण पाच-सहा फूट खोल जातो. पोकलेनने एकाच ढिगात सगळं काढलं आणि परत लोटलं की वरची दीड फूट कसदार माती खाली गाडली जाते आणि मुरूम वर येतो. मग त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पीक खुरटं राहतं. कुठल्याही जुन्या पाइपलाइनचा पट्टा कांद्याच्या रानात डोळ्यांनी ओळखता येतो तो यामुळे. उपाय साधा आहे: वरची माती आधी खरवडून पट्ट्याच्या एका कडेला, खालचा मुरूम दुसऱ्या कडेला, आणि भरताना उलट क्रम. प्रत्येक व्यवस्थापन आराखड्यात हे वाक्य असतं. ठेकेदाराला मात्र त्यासाठी मशीनची एक जास्तीची फेरी लागते, म्हणून घाईत ते सुटतं. चर घेण्याच्या दिवशी रानात हजर राहा आणि दोन ढीग वेगळे झाले का ते पाहा. एक ढीग दिसला तर तिथेच काम थांबवायला सांगा, फोटो काढा. चर बुजवल्यावर हे सिद्ध करता येत नाही.

काळ्या मातीचं आणखी एक आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो आणि रानात लांबच लांब खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं. म्हणून भरताना चरावर थोडा उंच वरंबा ठेवायचा, पण सलग नाही. सलग ठेवला तर उताराचं पाणी अडून वरच्या अंगाचं पीक सडतं. ठरावीक अंतरावर खिंड ठेवायची. आणि ओल्या रानात जड यंत्रं घालायची नाहीत. ओली काळी माती एकदा दाबली गेली की सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, घातल्याशिवाय सुटत नाही. हा सबसॉयलरचा खर्च कंपनीने करायचा असतो, पंचनाम्यात तो लिहून घ्या. तोडलेले बांध, हलवलेले हद्दीचे दगड, कापलेली ठिबक आणि सिंचनाची नळी, हेही त्याच कागदात. काम डिसेंबरात सुरू होवो की मार्चमध्ये, रान पूर्ववत करण्याची शेवटची तारीख 31 मे धरा. जूनच्या पावसात उघडा राहिलेला चर हा नालाच असतो.

तुमच्या विहिरीला तेलापेक्षा जवळचा धोका एक आहे, आणि तो कोणी सांगत नाही. दख्खनच्या कातळात विहिरीचं पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून येतं. त्या थरात उताराच्या दिशेने चर घेतला, नळीला खरचटू नये म्हणून तळाला आणि वर वाळू किंवा मऊ माती टाकली, की काय होतं? जमिनीखाली एक चांगला निचरा तयार होतो. पाणी मुरमातून तुमच्या विहिरीकडे जाण्याऐवजी चराने थेट ओढ्याला जातं. एका गावात हे आमच्या डोळ्यांसमोर घडलं. काम संपून सात-आठ महिने झाले होते. जानेवारीत तीन विहिरी नेहमीपेक्षा लवकर तळाला गेल्या. लोक म्हणत होते पाइपलाइनमुळे, कंपनीचे लोक म्हणत होते पाऊस कमी. आम्ही तीन ठिकाणी चर उकरला, तर नळीच्या बुडातून पाणी अक्षरशः वाहत होतं. आराखडा मीच लिहिला होता. त्यात उतारावर धूप रोखण्याचे उपाय करावेत एवढं एकच वाक्य होतं, आणि ठेकेदाराने ते फक्त वरच्या मातीपुरतं घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात चरात आडव्या मातीच्या भिंती घातल्या. दोन विहिरी सावरल्या, तिसरी पूर्वीसारखी कधी झाली नाही. त्या शेतकऱ्याच्या घरी मी आजही जातो, आणि ती विहीर पाहिल्याशिवाय परतत नाही.

तेव्हापासून मी हे स्पष्ट लिहितो: उतारावर ठरावीक अंतरावर, आणि प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही काठांवर, चराच्या आत नळीभोवती चिकणमातीने किंवा भरलेल्या पोत्यांनी आडवी भिंत बांधायची, तळापासून वरच्या मातीपर्यंत. याचा दुसरा फायदा असा की कधी गळती झालीच, तर तेलही चराने धावत तुमच्या विहिरीपर्यंत येत नाही, दोन भिंतींच्या मध्ये अडतं. तुमच्या हरकतीत बाकी काही राहिलं तरी चालेल, ही मागणी राहू देऊ नका. कातळ लागला आणि सुरुंग लावणार असतील तर विहिरीपासूनचं अंतर, आणि आधी-नंतरचा पंचनामा, हेही लिहा.

नळी टाकून झाली की ती पाणी भरून दाबाखाली तपासतात. 18 इंची नळीत एका किलोमीटरला सुमारे दीड लाख लिटर पाणी मावतं. 30 किलोमीटरचा तुकडा तपासायचा तर 45 लाख लिटर. हे पाणी बहुधा एप्रिल-मेमध्ये लागतं, म्हणजे तुमच्याकडे टँकर सुरू असताना. ते कुठून उचलणार आणि नंतर कुठे सोडणार, हे विचारणं तुमचा हक्क आहे. त्यात गंज रोखणारी आणि जंतुनाशक रसायनं मिसळलेली असू शकतात, नळीतला गंजही असतो. तपासल्याशिवाय ते ओढ्यात सोडता कामा नये. एका तुकड्याचं पाणी पुढच्या तुकड्याला वापरता येतं, चांगले अभियंते तसंच करतात.

आता तुमची मूळ भीती, गळती. तिला कमी लेखत नाही. बीएस-6 पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त 1 टक्का असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझिनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. गणित केलंत तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात बरंचसं उडून जातं, मातीला चिकटतं, जिवाणू खातात. त्यामुळे विहीर कायमची जाईलच असं नाही, पण ती परत पिण्याजोगी व्हायला काही महिने की काही वर्षं लागतील हे किती सांडलं, किती लवकर कळलं आणि मुरूम किती झिरपा आहे यावर ठरतं. यातली मधली बाब आपल्या हातात असते.

कंपन्या सांगतात की आमची गळती ओळखण्याची यंत्रणा संगणकावर चालते. चालते, आणि मोठी फूट ती मिनिटांत पकडू शकते. पण हिशेब समजून घ्या. समजा नळीतून तासाला 500 घनमीटर तेल जातं आणि यंत्रणेला 1 टक्क्यापर्यंतचा फरक कळतो. म्हणजे तासाला 5,000 लिटरपर्यंतची गळती तिच्या नजरेखालून सुटू शकते, दिवसाला 1 लाख 20 हजार लिटर. अलास्कातच, प्रुडो बे इथे, मार्च 2006 मध्ये गंजलेल्या नळीला बारीक भोक पडून सुमारे 2 लाख गॅलन तेल बर्फाखाली पसरलं. ते यंत्रणेने पकडलं नाही, वासाने एका कामगाराच्या लक्षात आलं.

आणि मोठी फूटसुद्धा कधी कधी माणसंच ओळखत नाहीत. 25 जुलै 2010 रोजी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मार्शल गावाजवळ एन्ब्रिजची 30 इंची 6बी वाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते. तिथल्या लोकांना वाटलं की नळीत वाफेची पोकळी झाली आहे, म्हणून दाब पडतो आहे. त्यांनी दोनदा पंप पुन्हा सुरू केले. 17 तासांनंतर बाहेरच्याच एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने ओढ्यात तेल दिसल्याचं कळवलं, तेव्हा खरा प्रकार समजला. तोवर 8 लाख 43 हजार गॅलन जड तेल कालामाझू नदीकडे निघालं होतं. त्यातलं बहुतेक या दोन फेरसुरुवातींत सांडलेलं होतं. तपास यंत्रणेने 2012 च्या अहवालात हेही नोंदवलं की त्या जागच्या भेगा 2005 च्या तपासणीत दिसल्या होत्या. मी नव्या अभियंत्यांना हा प्रसंग नेहमी सांगतो. नळीच्या आत यंत्र सोडून तपासणी झाली होती, व्हॉल्व्ह होते, संगणक होता. ओढ्याकाठच्या माणसाने फोन केला, तो मात्र योग्य जागी पोचला.

म्हणून तुमच्या गावासाठी तीन गोष्टी मी मागून घेतल्याच असत्या. एक, तुमच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे सर्वात जवळचे व्हॉल्व्ह किती अंतरावर आणि किती उंचीवर आहेत. पंप बंद केला तरी दोन व्हॉल्व्हमधलं चढावरचं तेल उताराकडे येतंच, आणि किलोमीटरला दीड लाख लिटर हा आकडा इथेही तोच आहे. दोन, पीएनजीआरबी या केंद्राच्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नियमांनुसार कंपनीला आपत्कालीन आराखडा करावाच लागतो. त्यात तुमच्या गावाचं नाव आहे का, नियंत्रण कक्षाचा चोवीस तास चालणारा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिला जाणार का, आणि वर्षातून एकदा गावात सराव होणार का. तीन, लाइनवॉकर. रोज रेषेवरून चालणारा हा माणूस बहुतेक वेळा आसपासच्या गावचाच असतो. त्याची ओळख ठेवा. आपल्याकडे उत्पादन वाहून नेणाऱ्या नळ्यांना भोक पाडून पेट्रोल-डिझेल चोरण्याचे प्रकार होतात. अशा जोडणीतून हळूहळू होणारी गळती ही गंजाच्या गळतीपेक्षा मला जास्त काळजीची वाटते, कारण ती लपवलेली असते. रात्री रेषेवर अनोळखी गाडी, ताजी उकरलेली माती, पिकाचा एखादाच पट्टा पिवळा पडणं, विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग किंवा वास, यातलं काही दिसलं तर पंप चालू करू नका, काडी ओढू नका, लगेच कळवा.

शेवटी पुराव्याचं. काम सुरू होण्याआधीची स्थिती तुमच्याकडे कागदावर नसेल तर नंतर कोणतंही कार्यालय तुमचं म्हणणं मान्य करणार नाही. विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरीने मोजा. पंप किती तास चालतो आणि उपसल्यावर विहीर किती तासांत भरून येते ते वहीत तारखेसह लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा एक नमुना तपासून घ्या, आणि तेलाचे घटक व बेंझिन तिथे तपासत नसतील तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत. हा खर्च कंपनीने करावा अशी मागणी हरकतीत घाला, पण नाही म्हणाले तरी एकदा स्वतः करा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या कांदाविक्रीच्या पट्ट्या (पावत्या) जपून ठेवा. उद्या प्रदूषण झालंच तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई आणि रान पूर्ववत करण्यासाठी तिथे 5 वर्षांच्या आत जाता येतं, आणि अपघाताच्या नुकसानीत कंपनीची चूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर टाकलेलं नाही. मात्र नुकसान किती झालं ते तुम्हालाच दाखवावं लागेल, आणि तिथे ही वहीच कामाला येईल.

तुमच्या 21 दिवसांतले किती गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आजच मोजा आणि हरकत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. मसुदा करण्याआधी मला दोन गोष्टी कळवा: विहीर रेषेच्या वरच्या अंगाला आहे की ओढ्याच्या बाजूला, आणि खोदताना मुरूम किती फुटांवर लागला होता. विहीर वरच्या अंगाला असेल तर आडव्या भिंतींवर भर द्यावा लागेल. खालच्या अंगाला असेल तर रेषाच सरकवा असं लिहावं लागेल, आणि त्यासाठीचा नकाशा वेगळ्या पद्धतीने काढायचा असतो.